एररचा कोड वाटेतच गळतो, आणि कधी कधी तर एररच येत नाही (इलेक्ट्रॉन, तीन प्रोसेस)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायची चौकट) एका डेस्कटॉप ॲपवर काम चालू आहे. वापरणारा एखादा फोल्डर निवडतो आणि ॲप त्यातल्या सगळ्या फाइली वाचून शोधासाठी इंडेक्स तयार करतं. प्रोसेस तीन आहेत: खिडकीतलं पान चालवणारी रेंडरर, ॲपची मुख्य प्रोसेस मेन, आणि मेनने फोर्क केलेली (वेगळी सुरू केलेली) एक वर्कर. फाइली वाचायचं जड काम वर्करकडे. रेंडरर इन्व्होकने मेनला विचारते, मेनमध्ये त्याला उत्तर देणारं हँडल बसवलं आहे, आणि मेन पुढे सेंडने वर्करला काम देते. कॉन्टेक्स्ट आयसोलेशन चालू आहे, प्रीलोडमधून (पानाआधी चालणारी स्क्रिप्ट) कॉन्टेक्स्टब्रिजने मोजकीच फंक्शन्स पानाला दिली आहेत.

सगळं नीट असतं तेव्हा झकास चालतं. काही बिघडलं की मात्र बिघाड नेमका काय ते कळत नाही.

मेनमध्ये फाइल उघडताना एरर आली तर तिथे तिचा कोड दिसतो, ईनोएंट (फाइल नाही), ईॲक्सेस (परवानगी नाही) वगैरे. रेंडररच्या कॅचमध्ये तोच कोड अनडिफाइन्ड. मेसेज येतो, पण त्याच्या आधी 'एरर इन्व्होकिंग रिमोट मेथड' आणि चॅनेलचं नाव चिकटलेलं. उलट वर्करमधून मेनकडे पाठवलेली एरर पोचते तेव्हा नुसता रिकामा ऑब्जेक्ट, दोन महिरपी कंस आणि आत काही नाही.

आणि सगळ्यात वैताग आणणारा प्रकार म्हणजे कधी कधी काहीच येत नाही. स्पिनर फिरतोय तो फिरतोच. कॅच नाही, लॉग नाही. हे पॅकेज केलेल्या बिल्डमध्ये आणि मोठ्या फोल्डरवरच होतं. डेव्हलपमेंटमध्ये हटकून सगळं चालतं.

सुरुवात कुठून करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनाखोड

तीन वेगळे प्रश्न आहेत, एकाच कारणाच्या मागे लागू नका.

पहिला सोपा. हँडलमध्ये फेकलेली एरर पलीकडे जशीच्या तशी जातच नाही. इलेक्ट्रॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की मूळ एररमधला फक्त मेसेज रेंडररला मिळतो. त्या मेसेजपासून पलीकडे एक नवी एरर बनते. कोड, तुमच्या क्लासचं नाव, जोडलेली इतर माहिती, सगळं मेनमध्येच राहतं. त्यामुळे रेंडररमध्ये इन्स्टन्सऑफ लावून बघत असाल तर तेही नेहमी खोटंच येणार.

दुसरा फोर्कचा. नोडच्या (इलेक्ट्रॉनच्या आतला जावास्क्रिप्ट रनटाइम) फोर्कमध्ये मुद्दाम काही सांगितलं नाही तर निरोप जेसन, म्हणजे साधा मजकूर, होऊन जातात. एररचे मेसेज आणि स्टॅक (एरर कोडमध्ये कुठून आली त्याची यादी) हे गुणधर्म गणनेत येत नाहीत, म्हणून जेसन.स्ट्रिंगिफाय त्यांच्याकडे बघतच नाही. कन्सोलमध्ये नवी एरर बनवून स्ट्रिंगिफाय करा, तुमचे ते दोन महिरपी कंस लगेच दिसतील.

आडवाटे

जुनाखोड, बरोबर. पण यात एक गंमत आहे, ती सांगतो, कारण तिच्यामुळे पुढे बराच गोंधळ होतो. नोडच्या फाइल सिस्टिमकडून आलेल्या एररवर कोड, एररनो, सिसकॉल आणि पाथ हे साधे, गणनेत येणारे गुणधर्म असतात. म्हणजे ईनोएंट एरर जेसनमधून गेली तर रिकामी होत नाही. तिचा कोड आणि पाथ पोचतात, गळतो तो मेसेज!

थोडक्यात अर्धविरामांच्या ॲपमध्ये वर्कर ते मेन या टप्प्यात कोड तरतो आणि मेसेज जातो, तर मेन ते रेंडरर या टप्प्यात मेसेज तरतो आणि कोड जातो. दोन्ही टप्पे ओलांडलेल्या एररचं काय उरत असेल ते बघा.

अर्धविराम, तुमची रिकामी आलेली एरर तुम्हीच नवी बनवून फेकलेली असणार, फाइल सिस्टिमची नसणार. खात्री करून सांगाल का?

अर्धविराम

हो, तसंच आहे! 'फाइलचा प्रकार ओळखता आला नाही' अशी आमचीच एरर होती ती. आत्ता मुद्दाम नसलेली फाइल वाचायला लावली तर कोड आणि पाथ आले, मेसेज नाही. म्हणूनच लॉगमध्ये काही नोंदी भरलेल्या आणि काही रिकाम्या दिसत होत्या. मला वाटत होतं मध्येच कुठेतरी रेस (दोन कामांच्या वेळेचा घोळ) आहे.

निळीशाई

साधा उपाय सांगू? मेसेज तरतोय ना, मग मेसेजमध्येच जेसन कोंबा. मेनमध्ये एररचा कोड, नाव, तपशील सगळं स्ट्रिंगिफाय करून मेसेज म्हणून फेका, रेंडररमध्ये पहिल्या महिरपी कंसापासून पुढचं पार्स करा. मी एका ॲपमध्ये हेच केलंय, चालतंय.

जुनाखोड

> मेसेजमध्येच जेसन कोंबा

चालतं, नाकारत नाही. पण त्या प्रीफिक्सचा मजकूर हा काही करार नव्हे. उद्या त्यांनी शब्द बदलले किंवा चॅनेलच्या नावात कुणी कंस टाकला की पार्सर कोसळणार, आणि तोही कॅचच्या आत. एरर हाताळणाऱ्या कोडमध्येच एरर आली की मूळ एरर कायमची हरवते. शिवाय कुणी तो मेसेज सरळ डायलॉगमध्ये दाखवला तर वापरणाऱ्यासमोर जेसन.

शून्यपूर्णांक

मुळात फेकूच नका. ही प्रोसेसची वेस आहे. पलीकडे फक्त डेटा जातो, मग एररही डेटा म्हणूनच पाठवा. हँडलच्या आत सगळं ट्रायमध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळी एक पाकीट परत करा: 'ओके' खरं असेल तर 'डेटा', खोटं असेल तर 'एरर' नावाचा साधा ऑब्जेक्ट, ज्यात कोड, मेसेज आणि लागेल तो तपशील. मग इन्व्होक रिजेक्ट होईल ते फक्त खरोखर वाहतूक बिघडली तरच. उदाहरणार्थ, चॅनेलला हँडलरच नोंदवलेला नसेल तर, किंवा क्लोन न होणारी वस्तू पाठवायचा प्रयत्न झाला तर. हे दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येणं हाच मोठा फायदा. पाकिटात आलेली एरर म्हणजे काम फसलं. रिजेक्ट म्हणजे आपला कोड फसला.

प्रत्येक हँडलमध्ये हात दुखेपर्यंत ट्राय लिहू नका. हँडल नोंदवणारं एकच फंक्शन करा, ते आतल्या फंक्शनला गुंडाळेल. थेट आयपीसीमेन (हँडल नोंदवायचं मूळ मॉड्यूल) कुणी वापरलं तर लिंटरने (कोड तपासणारं साधन) ओरडलं पाहिजे.

क्लोनबद्दल एक ओळ, जुनं ॲप वर आणणाऱ्यांसाठी: इलेक्ट्रॉन ८ पासून आयपीसीवरचा (प्रोसेसमधल्या निरोपांतला) डेटा स्ट्रक्चर्ड क्लोनने (रचनेसकट नक्कल करून) जातो, त्याआधी जेसनसारखा जायचा. ९ पासून फंक्शन, प्रॉमिस असलं काही पाठवलं तर ते गुपचूप गळत नाही, सरळ 'ॲन ऑब्जेक्ट कुड नॉट बी क्लोन्ड' अशी एरर येते. एररमध्ये तपशील म्हणून आख्खा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट चिकटवायची सवय असेल तर तिथे हे हमखास भेटतं.

बिनधास्तबग

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

अर्धविराम

शून्यपूर्णांक, पाकीट केलं, कल्पना एकदम पटली. पण अजून गाडं अडलेलंच आहे. मेनमध्ये पाकीट बनतं, प्रीलोडमध्ये ते उघडतो, ओके खोटं असेल तर कोडसकट नवी ॲपएरर बनवून फेकतो. पानातल्या कोडला नेहमीसारखं ट्राय-कॅच लिहिता यावं म्हणून.

प्रीलोडमध्ये फेकायच्या आधी कन्सोल.लॉग टाकला: कोड आहे. पानातल्या कॅचमध्ये पुढच्याच ओळीला लॉग: कोड नाही. मध्ये कुठलीही प्रोसेस नाही, हे दोन्ही रेंडररमध्येच चालतं ना?

आडवाटे

प्रोसेस एकच, पण जगं दोन. कॉन्टेक्स्ट आयसोलेशन चालू असलं (इलेक्ट्रॉन १२ पासून ते मुळातच चालू असतं) की प्रीलोडचं जावास्क्रिप्ट आणि पानाचं जावास्क्रिप्ट वेगवेगळ्या कॉन्टेक्स्टमध्ये राहतात. कॉन्टेक्स्टब्रिजवरून जाणाऱ्या गोष्टींची नक्कल होते. एररचीही होते, आणि त्या नकलेत एररवर आपण लावलेले जादा गुणधर्म टाकून दिले जातात. मेसेज आणि स्टॅकही किंचित बदलू शकतात. हेही डॉक्युमेंटेशनमधल्या तक्त्यात आहे, पण तो तक्ता कोण वाचतं!

म्हणजे तुमच्याकडे दोन नाही, तीन वेशी आहेत. पाकीट शेवटच्या वेशीपर्यंत बंदच न्या. प्रीलोडने ते उघडू नये, जसं आलं तसं पानाला द्यावं. साधा ऑब्जेक्ट ब्रिजवरून बिनबोभाट जातो. पानाच्या बाजूला एक छोटं फंक्शन ठेवा, तेच उघडेल आणि ॲपएरर फेकेल. तिथून पुढे वेस नाही, मग इन्स्टन्सऑफ पण चालेल.

शून्यपूर्णांक

+१. हे मी वर लिहायला हवं होतं इतकं नेहमीचं आहे.

अर्धविराम

चाललं!! पानात उघडल्यावर कोड, तपशील, सगळं हजर.

आता एररचा साधा ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन लिहितोय. त्यात काय काय घेऊ? स्टॅक पाठवू का?

जुनाखोड

कोड, मेसेज, आणि कुठलं काम करताना झालं ते. स्टॅक रेंडररला देऊ नका, त्याचा तिथे उपयोग नाही. त्यात वापरणाऱ्याच्या होम फोल्डरचा पाथ असतो, म्हणजे बऱ्याचदा त्याचं नावच. पुढे कुणी तो 'तक्रार कळवा' फॉर्ममध्ये आपोआप जोडतो आणि भलतीच माहिती बाहेर जाते. स्टॅक मेनच्या लॉगमध्ये लिहा, रेंडररला फक्त त्या नोंदीचा आयडी द्या.

आणि एररनोवर कधीही विसंबू नका. ईनोएंटचा एररनो लिनक्सवर उणे २ असतो, विंडोजवर लिबयूव्हीने (नोडच्या खालची लायब्ररी) ठरवलेला उणे ४०५८. आकड्याशी तुलना करणारा कोड एका मशिनवर पास होतो आणि दुसरीकडे 'अज्ञात त्रुटी' दाखवत बसतो. कोड हा शब्दच बघायचा. त्यातही विंडोजवर दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल उघडायला गेलात तर ईबिझी मिळेल, आणि जिथे लिनक्सवर ईॲक्सेसची सवय असते तिथे विंडोजवर पुष्कळदा ईपर्म येतो. 'परवानगी नाही' हा तुमचा स्वतःचा कोड ठेवा आणि मेनमध्येच दोन्ही त्यावर वळवा. रेंडररला ऑपरेटिंग सिस्टिम कळायची गरज नाही.

निळीशाई

अजून एक, फेकलेली गोष्ट एररच असेल असं धरू नका. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग फेकता येते, नल फेकता येतो, प्रॉमिस अनडिफाइन्डने रिजेक्ट होऊ शकतं. काही जुनी पॅकेजेस बिनदिक्कत स्ट्रिंग फेकतात. तुमचं फंक्शन थेट एरर.मेसेज वाचायला गेलं तर नलवर तेच फुटेल, आणि मग जुनाखोड म्हणाले तसं, मूळ एरर गेली.

कॉजसुद्धा (मूळ कारणाची एरर) घ्या. एररवर एरर गुंडाळत गेलं की खरं कारण दोन पातळ्या खाली असतं. फक्त खोलीला मर्यादा घाला, कुणी कॉजमध्ये स्वतःलाच लावलं तर चक्रात अडकाल.

गंजलेला

मी टाउरीवाला (इलेक्ट्रॉनसारखीच, पण रस्टवरची चौकट), तरी नाक खुपसतो. आमच्याकडे कमांड रिझल्ट परत करते आणि एररच्या टाइपला सिरियलाइझ (पाठवता येईल असा डेटा होणं) यावंच लागतं, नाहीतर कंपाइलर पुढे जाऊ देत नाही. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या आयओ एररला ते येत नाही, म्हणून प्रत्येकाला या प्रश्नाशी पहिल्याच दिवशी भिडावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न पॅकेज केलेल्या बिल्डमध्ये भेटला.

आडवाटे

आणि मग त्यातले निम्मे लोक मॅप_एरमध्ये टू_स्ट्रिंग करून मोकळे होतात. म्हणजे पुन्हा मेसेज उरला, कोड गेला. :)

गंजलेला

खरंय, मान्य. ट्युटोरियलमध्येच तसं असतं. एररचा एनम करून त्याला हाताने सिरियलाइझ लिहिलं की टॅग आणि मेसेज दोन्ही जातात, पण तेवढा कंटाळा कोण घालवणार.

पाइपवाला

सगळे पहिल्या दोन प्रश्नांवरच रमलात. तिसरा खरा आहे, काहीच न येण्याचा. अर्धविराम, तीन गोष्टी सांगा. वर्करमध्ये कॅच झाल्यावर शेवटच्या ओळी काय आहेत? मेन वर्करचा एक्झिट इव्हेंट ऐकते का? वर्करचा एसटीडीएर (एररचा मजकूर छापायचा मार्ग) कुठे जातो?

अर्धविराम

वर्करच्या कॅचमध्ये प्रोसेस.सेंडने एरर पाठवतो आणि पुढच्याच ओळीला प्रोसेस.एक्झिट १.

मेनमध्ये प्रत्येक कामाला आयडी देतो, आयडी आणि त्याचं प्रॉमिस एका मॅपमध्ये ठेवतो. वर्करकडून उत्तर आलं की त्या आयडीचं प्रॉमिस सोडवतो. एक्झिट ऐकतो, पण तिथे फक्त 'वर्कर संपली' असा लॉग आहे.

फोर्क सायलेंट ठेवून केलाय, त्यामुळे एसटीडीएर मेनकडे पाइपने येतो. तो वाचत नाही.

पाइपवाला

मग स्पिनर थांबेल कसा? एकेक घेऊ.

सेंड लगेच संपत नाही. ते निरोप रांगेत टाकतं आणि परत येतं. तुम्ही पुढच्या ओळीला एक्झिट म्हणता, तेव्हा निरोप पाइपमध्ये पडायच्या आत प्रोसेस संपू शकते. निरोप छोटा असला तर बहुधा निसटून जातो, मोठा असला तर अडकतो. डेव्हलपमेंटमध्ये छोटा फोल्डर घेऊन बसलात तर कधीच दिसणार नाही. सेंडला कॉलबॅक देता येतो, त्याच्या आत प्रोसेस.डिसकनेक्ट करा आणि प्रोसेस.एक्झिटकोड १ करून ठेवा. बाकी काही उघडं नसेल तर प्रोसेस आपसूक संपते. एक्झिट हाक मारून बोलवायची गरज नाही.

दुसरं. वर्कर मेली तर तुमच्या मॅपमधली प्रॉमिसं कोण रिजेक्ट करणार? कुणीच नाही. हँडल त्या प्रॉमिसवर अवेट करून बसलंय, इन्व्होक हँडलची वाट बघतंय, आणि इन्व्होकला स्वतःचा टाइमआउट नसतो. एक्झिट आला की मॅपमधलं प्रत्येक प्रलंबित काम 'वर्कर गेली' या कोडने रिजेक्ट करून मॅप रिकामा करा. एरर इव्हेंटही ऐका. तो न ऐकता तसाच सोडला तर मेनच पडते, आणि वापरणाऱ्याला तो 'अ जावास्क्रिप्ट एरर ऑकर्ड इन द मेन प्रोसेस' वाला डबा दिसतो.

तिसरं. न वाचलेला पाइप हा वेगळाच घात आहे. पाइपची जागा मर्यादित असते, लिनक्सवर सहसा ६४ केबी. ती भरली आणि पलीकडून कुणी वाचत नसेल तर लिहिणारी प्रोसेस तिथेच थांबते. मेलेली नसते, थांबलेली असते. कुठलीतरी लायब्ररी दर फाइलीमागे एक वॉर्निंग लिहीत असेल तर हजारो फाइलींच्या फोल्डरवर वर्कर गोठेल, आणि तेव्हा एक्झिटही येणार नाही. वाचायचं नसेल तर इग्नोर करा किंवा इनहेरिट करा. पाइप करून सोडून देऊ नका.

माझं मत विचाराल तर वाचाच. मरताना प्रोसेस जे बोलते ते तिथेच बोलते.

अर्धविराम

टास्क मॅनेजरमधून वर्कर हाताने मारली. स्पिनर कायमचा. म्हणजे हवा तेव्हा घडवता येतंय आता.

एसटीडीएरच्या शेवटच्या काही ओळी धरून ठेवायला लागलो आणि एक्झिटमध्ये कोड आणि सिग्नल दोन्ही लॉग केले. मोठ्या फोल्डरवर लिनक्सच्या मशिनवर निघालं ते असं: कोड नल, सिग्नल सिगॲबर्ट. एसटीडीएरमध्ये 'फेटल एरर', आणि त्याच ओळीत 'जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी'. पण ही ओळ कधी कधी अर्धवटच मिळते. का?

पाइपवाला

हीप (जावास्क्रिप्टच्या वाट्याची मेमरी) संपली की व्ही८ (जावास्क्रिप्टचं इंजिन) प्रोसेस तिथल्या तिथे पाडतं. तुमचा कॅच, अनकॉटएक्सेप्शन, फायनली, यातलं काही चालत नाही. कितीही नेटकं एरर हँडलिंग वर्करमध्ये लिहा, या मरणाची बातमी फक्त बाहेरून कळते. सिगकिलचंही तेच. लिनक्सवर मेमरी संपली की कर्नल तोच पाठवतो, त्यात तर एसटीडीएरवरही काही येत नाही.

अर्धवट ओळ: एक्झिट इव्हेंट येतो तेव्हा पाइपमध्ये अजून मजकूर शिल्लक असू शकतो. क्लोज इव्हेंट सगळे स्ट्रीम बंद झाल्यावर येतो. प्रॉमिसं एक्झिटवर सोडवा, पण एसटीडीएरची नोंद क्लोजवर लिहा.

विंडोजवर सिग्नल नसतात, कोड बघायचा. ३२२१२२५४७७ असा अगडबंब आकडा (काही साधनं तोच उणे १०७३७४१८१९ दाखवतात) दिसला तर तो ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे बहुधा एखाद्या नेटिव्ह मॉड्यूलची करणी. जावास्क्रिप्टमध्ये शोधत बसू नका.

बिनधास्तबग

एवढा खटाटोप कशाला? इन्व्होकला तीस सेकंदांचा टाइमआउट लावा, नाही आलं उत्तर तर 'पुन्हा प्रयत्न करा'. झालं.

शून्यपूर्णांक

> तीस सेकंदांचा टाइमआउट लावा

मोठ्या फोल्डरला काही मिनिटं लागणं रास्त आहे, तिथे तुम्ही चालू कामाला मेलेलं ठरवाल. आणि प्रॉमिस.रेसने टाइमआउट लावला तरी वर्करमधलं काम थांबत नाही. वापरणारा 'पुन्हा' दाबतो, आता तोच फोल्डर दोघे मिळून वाचतात. मग हीप आधी कुणाची संपते ते बघायचं.

टाइमआउट लावायचाच तर प्रगतीवर लावा. वर्कर दर काही फाइलींनंतर 'इथवर आले' असं कळवते, ते बराच वेळ बंद पडलं तर ती गोठली समजा आणि मारा. मारलं की एक्झिट येतो, एक्झिटवर प्रॉमिसं सुटतात. रस्ता एकच राहतो. रद्द करण्यासाठी ॲबॉर्टसिग्नल पलीकडे पाठवता येत नाही. कामाच्या आयडीसकट 'थांब' असा साधा निरोप पाठवा आणि वर्करला प्रत्येक फाइलीआधी तो बघायला लावा.

बिनधास्तबग

बरं, पटलं. म्हणजे टाइमआउट एररसाठी नाही, शांततेसाठी.

आडवाटे

फोर्कच्या जेसनला पर्याय म्हणून दोन शब्द, कुणीतरी विचारणारच आहे. फोर्कला सिरियलायझेशन 'ॲडव्हान्स्ड' सांगता येतं, मग एररचे मेसेज आणि स्टॅक पोचतात. पण कोड गळतो! क्लोन करताना एररवरचे जादा गुणधर्म जातात, आणि नाव नेहमीच्या टाइपएरर, रेंजएरर वगैरेंपैकी नसेल तर साधं 'एरर' होतं. इलेक्ट्रॉन २२ पासून युटिलिटीप्रोसेस आहे, नव्या ॲपमध्ये मी तेच घेईन, कारण मेसेजपोर्ट देऊन रेंडररशी थेट बोलता येतं. पण पाकीट तिथेही लागेलच.

अर्धविराम

तूर्तास फोर्कच ठेवतो, पाकीट वर्करमध्येच बनवून तिन्ही वेशी बंद पाठवतोय. मेमरीचं मूळ कारण सापडलं: सगळ्या फाइलींचा मजकूर एका ॲरेमध्ये साठवून शेवटी एकदम लिहीत होतो. आता तुकड्यातुकड्याने लिहितो.

लॉग वाचताना मात्र अजून चाचपडतो. तीन प्रोसेसच्या तीन फाइली, वेळेवरून जुळवतो, पण क्रम उलटसुलट दिसतो.

जुनाखोड

वेळेवर जाऊ नका, प्रत्येक प्रोसेस आपल्या सवडीने फाइलीत लिहिते. रेंडररमध्ये बटण दाबलं तिथेच आयडी जन्माला घाला, मेन आणि वर्कर तोच पुढे नेतील, प्रत्येक ओळीत छापतील. मग एका आयडीवर ग्रेप मारला (तो आयडी असलेल्या ओळी शोधल्या) की आख्खी कहाणी. आणि फाइल एकच ठेवा, लिहिणारी फक्त मेन. बाकीच्यांनी तिला सांगायचं. अपवाद मरणाच्या नोंदीचा, ती मेनला एसटीडीएरवरूनच मिळते.

निळीशाई

आणि प्रगती कळवताना खिडकी बंद झालेली असू शकते, हे धरून चला. बंद खिडकीच्या वेबकॉन्टेन्ट्सवर सेंड केलं की 'ऑब्जेक्ट हॅज बीन डिस्ट्रॉइड' फुटतं, तेही मेनमध्ये. पाठवण्याआधी इजडिस्ट्रॉइड विचारा. रेंडररच कोसळली तर रेंडर-प्रोसेस-गॉन ऐका, त्यात कारण येतं, क्रॅश की मेमरी की कुणी मारली. तेव्हा तिची चालू कामंही वर्करला थांबवायला सांगा, उत्तर घ्यायला कुणी नाही.

अर्धविराम

हे सगळं घातलं. चाचणीत आता वर्कर मध्येच मारतो, परवानगी काढलेला फोल्डर देतो, नल फेकतो. प्रत्येक वेळी पानात कोड येतो आणि त्यावरून मराठी मजकूर दिसतो. मेनमध्ये मजकूर ठेवलेलाच नाही, फक्त कोड.

एक नवीन उपटलंय. मॅकवर खिडकी बंद करून डॉकमधून परत उघडली की 'अटेम्प्टेड टू रजिस्टर अ सेकंड हँडलर' येतं. बाकी दोन्हीकडे नाही.

आडवाटे

हँडल नोंदवणारं फंक्शन तुम्ही क्रिएटविंडोच्या आत बोलावताय ना? मॅकवर खिडकी गेली तरी ॲप चालूच राहतं, ॲक्टिव्हेट इव्हेंटवर क्रिएटविंडो पुन्हा चालतं, आणि एका चॅनेलला हँडलर एकच लागतो. नोंदणी व्हेनरेडीमध्ये, क्रिएटविंडोच्या बाहेर, एकदाच करा. कुठल्या खिडकीने विचारलं ते इव्हेंटच्या सेंडरवरून कळतं.

अर्धविराम

आतच होतं. बाहेर काढलं, गेलं. धन्यवाद सगळ्यांना, धागा सुटला असं खूण करतोय.